घाटात किक नसेल तर?

प्रश्न : काका, मी इंदूरच्या सुदामानगरात राहतो. गेल्या महिन्यात रॉयल एनफिल्डची नवी क्लासिक 350 घेतली. दिवाळीनंतर एकट्यानेच पंढरपूरला जायचं ठरवलंय, सेंधवा, शिरपूर, धुळे असं करत. आमच्या बाबांनी गाडीभोवती एक फेरी मारली आणि विचारलं, "किक कुठंय?" नाही म्हटल्यावर त्या दिवशी ते नीट जेवले नाहीत. त्यांनी वीस वर्षं बुलेटवर सेंधव्याजवळचा बिजासन घाट केलाय. किक बाहेरून बसवून घेता येईल का? खर्चाची तयारी आहे.

उत्तर : नाही येणार. किक म्हणजे नुसता दांडा नव्हे. आत तिचा शाफ्ट लागतो, गिअर लागतो, रॅचेट लागतो. 2021 मध्ये क्लासिक नव्या इंजिनावर आली, तेव्हा या सगळ्याला आत जागाच ठेवली नाही. कुणी "करून देतो" म्हणालं, तर गाडी त्याच्याकडे सोडू नका.

पण बाबांवर चिडू नका. त्यांची भीती अनुभवातून आलेली आहे, आणि त्यांच्या गाडीपुरती ती बरोबरच होती.

सेल्फची मोटर इंजिन फिरवताना बॅटरीतून प्रचंड करंट ओढते. प्लगच्या ठिणगीला त्यामानाने चिमूटभर पुरतो. म्हणून बॅटरी बसत आली तरी ठिणगीपुरता जीव तिच्यात असायचा, आणि इंजिन फिरवायला आपला पाय होता. कार्बोरेटरला तर वीज लागतच नाही, पेट्रोल आपल्या वजनाने टाकीतून खाली येतं. 1989 च्या डिसेंबरात धुळ्याचं लग्न आटोपून येताना बिजासन घाटात माझ्या बुलेटचं चार्जिंग गेलं. दिवा मिणमिणायला लागला आणि एका वळणावर इंजिन बंद पडलं. मागे बायको, पुढे टाकीवर चार वर्षांचा मुलगा. हेडलाइटचं बटण बंद केलं, म्हणजे आहे तेवढा करंट ठिणगीला मिळेल, आणि तिसऱ्या किकला गाडी लागली. एका सज्जन ट्रकवाल्याच्या उजेडात सेंधवा गाठलं. तो ठोका मला अजून ऐकू येतो. तुमच्या बाबांकडेही अशी एखादी रात्र असणार, त्यांना विचारा.

ही काळजी आपल्याकडचीच होती असं नाही. अमेरिकेत इंडियन कंपनीने 1914 मध्येच इलेक्ट्रिक स्टार्टची मोटरसायकल काढली होती, पण तेव्हाच्या बॅटऱ्यांना तो भार झेपला नाही. हार्लेने 1965 मध्ये सेल्फ दिला आणि गाडीच्या नावातच 'इलेक्ट्रा' घातलं. मला सगळ्यांत आवडते ती होंडाची 1975 ची गोल्ड विंग. एक हजार सीसीची, लांब पल्ल्यासाठीच बांधलेली गाडी. सेल्फ होताच, तरी टाकीसारख्या दिसणाऱ्या खोक्यात किकचा सुटा दांडा ठेवलेला असे. वेळ आली की काढायचा, लावायचा, मारायची किक. इतकी पुढची गाडी बनवणाऱ्यांनाही गिऱ्हाइकाला रस्त्यावर पायाचा आधार द्यावासा वाटला, याचं मला फार अप्रूप वाटतं. यामाहाची एसआर 400 तर 2021 पर्यंत किकवरच सुरू व्हायची.

आता तुमची गाडी. तिच्यात कार्बोरेटरऐवजी इंजेक्शन आहे. पेट्रोल विजेवर चालणाऱ्या छोट्या पंपाने ढकललं जातं, किती द्यायचं ते कॉम्प्युटर ठरवतो, आणि दोघेही बॅटरीवर जगतात. बॅटरी अर्धी बसली असेल तर किकचा उपयोग झाला असता. साफ मेली असेल तर किक असूनही तुम्ही नुसते घामाघूम झाला असता. दोन वर्षांपूर्वी सिमरोलच्या घाटात भाच्याच्या गाडीवर हे पाहिलं. जादा दिवे बसवून देणाऱ्याने त्यांची वायर थेट बॅटरीला जोडली होती. चहाच्या टपरीवर गाडी तासभर उभी, चावी काढलेली, पण दिवे चालूच. उतारावर दुसऱ्या गिअरमध्ये दोनदा सोडून पाहिली, काही नाही. चावी फिरवल्यावर पंपाचा बारीक 'सुंऽऽ' आवाज येतो, तोच येत नव्हता. एक ट्रकवाला मदतीला थांबला, पण त्याला हात जोडून नको म्हटलं. ट्रकला 24 व्होल्ट असतात, आपली गाडी 12 ची. सगळं जळालं असतं. शेवटी एका ट्रॅक्टरच्या बॅटरीवरून, त्याचं इंजिन बंद ठेवून, वायर लावली आणि निघालो.

म्हणून किकचे पैसे बॅटरीवर घाला. व्होल्ट मोजणारा साधा मल्टिमीटर घ्या. रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी सकाळी 12.6 व्होल्टच्या आसपास दिसायला हवी, 12.4 च्या खाली गेली तर निघण्याआधी चार्ज करा. इंजिन जरा रेस केल्यावर साधारण साडेतेरा ते साडेचौदा दिसलं पाहिजे, नाहीतर चार्जिंगमध्येच खोट आहे. मोबाइलचा चार्जर चावीनंतरच्या, म्हणजे चावी काढली की बंद होणाऱ्या लाइनवर घ्या. सोबत जाड जंपर वायर ठेवा. सेल्फ नुसता 'कट्‌कट्‌' करत असेल आणि पंपाचा आवाज मात्र येत असेल, तर दुसरा गिअर, क्लच दाबून उतार, वेग आला की क्लच सोडा. बिजासनला उतार भरपूर आहे. आणि निघण्याआधी हे एकदा बाबांना समोर उभं करून दाखवा.

प्रश्न : काका, मी रामबागेतली, बीएस्सीला आहे. आजोबांची जुनी बुलेट दुरुस्त करून घेतली, पण किक उलटी मारते. आई म्हणते, मुलींच्या पायात तेवढा जोर नसतो.

उत्तर : बाळा, जोराचा प्रश्नच नाही. किक उलटी येते ती बहुधा टायमिंग फार पुढे गेल्याने, म्हणजे ठिणगी फार लवकर पडल्याने. आधी पॉइंटचा, म्हणजे ठिणगीसाठी करंट जोडणाऱ्या-तोडणाऱ्या टोकांचा, गॅप 0.35 ते 0.40 मिलिमीटर करून घे, मग टायमिंग लावून घे. मग गाडी मेन स्टँडवर घेऊन चावी लाव आणि किक हाताने दाबावी तशी हळू दाब. अँपिअर मीटरचा काटा डावीकडे जाईल. तो मधे परत आला की थांब. डी-कॉम्प, म्हणजे इंजिनातला दाब सोडणारा खटका, दाबून किक अगदी थोडी पुढे ने, डी-कॉम्प सोड, किक वर येऊ दे. आता गुडघा जरा वाकलेला ठेवून अंगाचं वजन तळापर्यंत सोड. अर्ध्यात पाय काढलास तर ती मारणारच.

आणि पॅडलचं रबर बघ. ते गुळगुळीत झालं असेल तर पाय सटकतो आणि दांडा नडगीवर येतो. ते आधी बदल, आणि चपलेवर किक मारू नकोस.