बाळाचं काय वेळेवर व्हायलाच हवं आणि काय मागेपुढे झालं तरी चालतं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: बाळ सात महिन्यांचं झालंय, दोघांची नोकरी, रजा संपली. मामाला यायला जमत नाही म्हणून उष्टावण राहिलंय, जावळाचा मुहूर्त सासूबाई शोधतायत, येत्या संक्रांतीला बोरन्हाण करायचंय. आणि सोसायटीतलं त्याच वयाचं बाळ रांगत फिरतंय, तुमचं मात्र सतरंजीवर बसल्या जागी खुळखुळा वाजवतंय. 'आमचं सगळंच मागे पडतंय का?'

नाही पडत. मी दोन मुलांचा बाप. थोरली शाळेत जाते, धाकटा नुकताच भिंत सोडून चालायला लागलाय, त्यामुळे हे सगळं ताजं आहे. माझा अनुभव असा की घरात ज्या तारखांवरून वाद होतात त्या बहुतेक पुढे ढकलता येतात, आणि ज्या ढकलायच्या नसतात त्यांची आठवण फारसं कुणी करून देत नाही.

आधी रांगण्याचं, कारण खरी धास्ती त्याचीच दिसते. जागतिक आरोग्य संघटनेने भारतासह पाच देशांतल्या निरोगी मुलांच्या हालचालींच्या नोंदी घेतल्या होत्या. 2006 साली आलेले त्याचे आकडे प्रत्येक आजीला वाचून दाखवावेत असे आहेत. आधाराशिवाय बसणं: 3.8 ते 9.2 महिने. हातागुडघ्यांवर रांगणं: 5.2 ते 13.5 महिने. एकट्याने चालणं: 8.2 ते 17.6 महिने. म्हणजे एक बाळ आठ महिने पूर्ण होताच पाऊल टाकतं, दुसरं दीड वर्षाचं होत आल्यावर, आणि दोन्ही ठणठणीत. त्यातली शंभरातली चारेक मुलं तर हातागुडघ्यांवर रांगलीच नाहीत. आमची थोरली त्याच जातीची. बसून ढुंगणावर सरकत अख्खं घर फिरायची आणि एक दिवस कपाटाला धरून थेट उभी राहिली. तुमचं बाळ आत्ता बसतंय, म्हणजे त्याचं बरं चाललंय.

मात्र काही गोष्टी दिसल्या तर 'होईल हळूहळू' म्हणत बसू नका. चार-पाच महिने उलटूनही मान धरत नाही, आवाजाकडे वळत नाही, नजरेला नजर देत नाही, एकच हात वापरतं आणि दुसऱ्या हाताची मूठ कायम मिटलेली, किंवा आधी येत असलेली गोष्ट करायचं बंद झालं, तर बालरोगतज्ज्ञांना लगेच दाखवा. बाळ दिवस भरायच्या आधी जन्मलं असेल तर वय प्रसूतीच्या अपेक्षित तारखेपासून मोजायचं, दोन वर्षांपर्यंत.

आता ज्या तारखा खरंच पाळायच्या त्या. पहिली लसींची. दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांच्या झाल्या असतील असं धरतो. पुढची महत्त्वाची नवव्या महिन्याची: गोवर-रुबेलाचा पहिला डोस. 2023 पासून सरकारी वेळापत्रकात पोलिओच्या इंजेक्शनचा तिसरा डोसही त्याच वेळी असतो. नवव्या महिन्याची म्हणजे नऊ महिने पूर्ण झाल्यावर, हे दवाखान्यात जाण्याआधी कार्डावर मोजून घ्या. एखादी राहिली असेल तर पहिल्यापासून सुरू करावं लागत नाही, राहिली तिथून पुढे चालू करतात. महापालिकेच्या दवाखान्यात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात या लसी मोफत मिळतात. खासगीत जास्तीच्या काही देतात. अर्ध्या इथे, अर्ध्या तिथे घेतल्या तरी चालतं, फक्त कार्ड एकच ठेवा. आमच्या घरी लसीचं खातं माझ्याकडे आहे. बाप एकटा बाळाला घेऊन गेला की रांगेतल्या दोन बायका हमखास विचारतात, 'आई कुठंय?' ती ऑफिसात आहे म्हटलं की पुढचा प्रश्न येत नाही.

दुसरी तारीख कागदाची. जन्माची नोंद 21 दिवसांत व्हावी लागते, ती दवाखान्यातून झालेली असते. नाव मात्र दाखल्यात आपल्याला जाऊन घालावं लागतं. जन्माची नोंद झाल्यापासून बारा महिन्यांच्या आत ते विनाशुल्क होतं, नंतर विलंब शुल्क लागतं. बारशाला आत्याने कानात कुर्र करून नाव ठेवलं, घुगऱ्या वाटल्या, पाळणे म्हटले, तरी महापालिकेच्या लेखी तुमचं बाळ अजून निनावीच असू शकतं. हे काम या महिन्यात उरकून टाका. महाराष्ट्रात 1 मे 2024 आणि त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या नावात बाळाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं, मग आडनाव असा क्रम शासकीय कागदांवर ठेवलाय. इंग्रजी स्पेलिंग तुमच्या दोघांच्या आधारशी अक्षरन् अक्षर जुळतंय का, ते खिडकीवरच बघा. घरी आल्यावर सापडलेली चूक दुरुस्त करायला जो वेळ जातो त्याबद्दल मी इथे लिहीत नाही. बाळाचं निळं आधार मग सावकाश काढा. पाच वर्षांखालच्या मुलांच्या बोटांचे ठसे घेतच नाहीत.

आणि तिसरी गोष्ट, जिच्यासाठी मी मुळात हे उत्तर लिहायला घेतलं: वरचं अन्न. उष्टावण राहिलंय असं तुम्ही लिहिलंत, पण बाळाला वरचं सुरू केलं की नाही ते लिहिलं नाहीत. केलं नसेल तर आज संध्याकाळी करा. सहा महिने पूर्ण झाले की नुसत्या दुधातून, विशेषतः लोह, पुरेसं मिळत नाही. मामाला सुट्टी मिळेना म्हणून वरणभात थांबवायचा नसतो. मामा येईल तेव्हा चांदीच्या वाटीतून खीर भरवेल, फोटोही निघतील, आणि खाण्याची सवय असलेलं बाळ तोंड वाकडं न करता चार घास जास्तच घेईल.

काय द्यायचं? मऊ वरणभात कुस्करून तूप घालून, नाचणीचं सत्त्व, मुगाची मऊ खिचडी, कुस्करलेलं केळं, उकडलेलं रताळं, तुम्ही खात असाल तर अंडं. चमचा वाकडा केला की ओघळून जाणार नाही इतपत घट्ट. वरणाचं नुसतं पाणी देऊ नका, त्याने इवलंसं पोट भरतं पण अंगाला काही लागत नाही. या वयात दिवसातून दोन-तीनदा, नवव्या महिन्यापासून तीन-चारदा, शिवाय दूध चालूच. वर्षापर्यंत मीठ-साखर नको, आणि मध तर चाटवायलाही नको. मधातल्या जिवाणूंमुळे लहान बाळाला गंभीर विषबाधा होऊ शकते. घरात गुटी उगाळणारी प्रेमळ माणसं असतील तर ही एक गोष्ट डॉक्टरांच्या तोंडून त्यांना ऐकवा. आपण सांगितलं की वाद होतो.

बाकीचं सगळं मागेपुढे चालतं. जावळ पहिल्या वर्षात, तिसऱ्या वर्षात, कुलदैवताला जाल तेव्हा, ज्याच्या त्याच्या घरची रीत. मामाची मांडी मात्र लागते, तेव्हा मामाची सुट्टी त्यासाठी राखून ठेवा. कात्री-वस्तरा स्वच्छ, एवढंच बघा. बोरन्हाण संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत केव्हाही करता येतं आणि पाच वर्षांपर्यंत कधीही, त्यामुळे यंदा बाळ आजारी असलं तर पुढच्या वर्षी. काळं झबलं, हलव्याचे दागिने, सगळी हौस करा. पण बोरं, हरभरे, उसाचे करवे, गोळ्या हे सगळं सात महिन्यांच्या बाळाच्या घशात अडकण्याच्या मापाचं असतं. आम्ही वरून थोडे चुरमुरे आणि बिस्किटांचे पुडे ओतले, बोरं वेगळ्या ताटात ठेवून मोठ्या मुलांना वाटली. बाळ मांडीवर घट्ट धरलेलं, हलव्याचा हार फोटो होताच काढलेला.

शेजारच्या बाळाचं बघून चाकांचा वॉकर घेऊ नका. त्यात बसवल्याने मूल लवकर चालत नाही, उलट जिन्यावरून पडण्याचा धोका असतो. कॅनडाने 2004 मध्ये त्यावर बंदीच घातली. आजोबांना काही घ्यायचंच असेल तर लाकडी पांगुळगाडा सांगा, तोही बाळ स्वतः उभं राहायला लागल्यावर.

राहिला नोकरीचा भाग. तुमच्यापैकी कुणाच्या कंपनीत पन्नास किंवा जास्त माणसं असतील तर कायद्याने पाळणाघराची सोय द्यावी लागते आणि आईला दिवसातून चारदा तिथे जाण्याची मुभा असते. एचआरला तोंडी नाही, ईमेलवर विचारा. बाहेरचं पाळणाघर बघणार असाल तर दुपारच्या जेवणाच्या वेळी न सांगता जा आणि एका बाईकडे किती बाळं आहेत ते स्वतः मोजा.