तीन वर्तुळं आणि एक झिप

"ताई, ऑक्युपेशनल थेरपीची (माणसाला रोजची कामं जमावीत यासाठीच्या उपचारांची) पदवी, बीओटीएच, घेऊन चार वर्षं झाली, पुण्यात नोकरी आहे, आता कॅनडाला यायचंय. मुलाला लगेच आणू का? आणि ते पर्सन-एन्व्हायर्नमेंट-ऑक्युपेशन मॉडेल तिकडे खरंच वापरतात की नुसतं परीक्षेपुरतं? आणि एकटेपणा वाटतो का?" असं तू विचारलंस. दोन दिवस उत्तर लिहायचं टाळलं.

फी, अर्ज, परीक्षा हे सगळं साइटवर आहे, ते सोडते. तिथे नसलेलं एवढंच की निघण्याआधी क्लिनिकल पोस्टिंग आणि इंटर्नशिपचं पत्र तासांत लिहून घे. माझ्या पत्रात नुसतं 'सहा महिने' होतं. इथे तास मागतात, आणि ऑक्युपेशनल थेरपिस्टांच्या जागतिक महासंघाचा निकष किमान १००० तासांचा. त्या महासंघाच्या १९५२च्या संस्थापक सदस्यांत भारत होता, मुंबईच्या केईएम रुग्णालयात कमला निंबकरांनी १९५० सालीच या थेरपीचं शिक्षण सुरू केलं होतं, पण हे कॉलेजच्या क्लार्कला सांगून काय उपयोग? तो म्हणाला, "मॅडम, असा फॉरमॅटच नाही आमच्याकडे." त्या पत्रासाठी माझ्या बहिणीने डोंबिवलीहून सात फेऱ्या मारल्या. सातव्या फेरीला साहेब रजेवर! अजून आठवलं की डोकं फिरतं.

मॉडेल वापरतात, हो. १९९६ साली मेरी लॉ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडलं ते इथेच, कॅनडात, आणि लॉ हॅमिल्टनच्या मॅकमास्टर विद्यापीठातल्या. मीही हॅमिल्टनलाच राहते. तीन वर्तुळं तुला पाठ असतीलच: माणूस, त्याच्या भोवतालचं सगळं, आणि त्याला करायचं असलेलं काम. तिन्ही एकमेकांवर येतात तेवढंच त्याला जमतं, आणि एक सरकलं की जमणंही कमी-जास्त होतं. गोम अशी की त्यांना सुटं सुटं करून तपासता येत नाही. आजोबांचा गुडघा तोच असतो, पण डोंबिवलीत अंघोळ म्हणजे स्टुलावर बसून बादली-तांब्या, आणि इथे टबाच्या काठावरून पाय उचलून आत जायचं. गुडघ्याचा व्यायाम देण्याआधी मी टब बघते. काठावरून आत सरकता येईल असा बाक बसवला की बरेचसे आजोबा दुसऱ्या दिवशी आपले आपण अंघोळ करतात.

पेशंटच्या घरी सुचतं ते स्वतःच्या घरी सुचलं नाही.

मुलगा सहा वर्षांचा होता, आम्हाला येऊन तीन महिने झाले होते, जानेवारी. मधल्या सुट्टीत सगळ्यांनी बाहेर जायचं. म्हणजे स्नोपँट (बर्फात घालायची जाड पँट), बूट, जाकीट, टोपी, हातमोजे, आणि तेही त्याच क्रमाने. वर्ग निघून जायचा, हा झिपशी झटत दाराशी उभा. शाळेचं पत्र आलं: बोटांच्या बारीक हालचालींत मागे आहे, तपासणीसाठी संमती द्या. मी सही केली.

हाच मुलगा आजीशेजारी बसून मटार सोलायचा, मोगऱ्याचा गजरा ओवायचा! स्नोपँट त्याने जन्मात पाहिली नव्हती. भोवताल बदललेला, काम नवं, आणि खोट सगळे शोधत होते मुलात. सगळ्यांत मीही आले. रोज रात्री त्याच्याकडून थेरपीची पुटी (बोटांच्या व्यायामासाठीचा मातीसारखा मऊ गोळा) मळून घ्यायचे. तो निमूट मळायचा. माझं थेरपिस्ट म्हणून रजिस्ट्रेशन व्हायचं होतं, मी एका दुकानात फळ्यांवर माल लावत होते. शाळेतल्या मीटिंगमध्ये 'मी स्वतः ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे' हे वाक्य तोंडातून फुटलंच नाही. दुकानाचा टीशर्ट अंगात होता. लाज वाटली.

एकटेपणाचं विचारलंस. असतो. कामाला लागलीस की कमी होतो. पुढे.

मुलाला आण, मागे ठेवून येऊ नकोस. पण शाळा सप्टेंबरला सुरू होते, तेव्हा जुलैच्या सुमाराला आण, म्हणजे थंडी पडेपर्यंत हाताशी वेळ राहील. तो सगळा सरंजाम घरात चार-पाचदा चढवू-उतरवू दे, घाई नसताना. झिपच्या टोकाला जाड दोरीचा फास बांध, हातमोज्यातूनही ओढता येतो. मीही बांधला, पण मार्चमध्ये. त्या आठवड्यापासून तो बाकीच्यांबरोबर बाहेर. शाळेच्या फायलीत ते पत्र अजून आहे, खाली माझी सही.