मुलाला ट्रॅक्टरवर जाऊ द्यावं का?

प्रश्न : आम्ही कळंब तालुक्यातले. तीन एकर कोरडवाहू शेती आहे. मुलगा १९ वर्षांचा, बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला. गावातल्या एका मालकाने त्याला पुढच्या ऊस हंगामात ट्रॅक्टरवर येतोस का म्हणून विचारलंय, उचलही देतो म्हणतो. मुलगा म्हणतो, कॉलेज करत करत जमेल. शिवाय पुढेमागे कर्ज काढून स्वतःचा ट्रॅक्टर घ्यायचं त्याच्या डोक्यात आहे. त्याची आई नको म्हणते. आम्ही काय करावं? – एक पालक, धाराशिव जिल्हा

दादा, नमस्कार.

मुलाला ट्रॅक्टरवर जरूर जाऊ द्या. फक्त उसाच्या वाहतुकीवर पाठवू नका, निदान पदवी हातात येईपर्यंत तरी. ट्रॅक्टर तोच असला, तरी शेतातलं काम आणि ऊस वाहतूक ही दोन कामं अगदी वेगळी आहेत.

कारखान्याचं गाळप दिवाळीच्या आगेमागे सुरू होतं आणि मार्च-एप्रिलपर्यंत चालतं. म्हणजे कॉलेजचे तास आणि सत्र परीक्षा नेमक्या त्यात सापडतात. फडातून दोन ट्रॉल्या भरून निघायचं, कारखान्याच्या आवारात नंबर लावून बसायचं, रात्री-बेरात्री वजन करून गव्हाणीवर, म्हणजे ऊस कारखान्यात ओढून नेणाऱ्या पट्ट्यावर, खाली करायचं आणि तसंच परत फिरायचं. त्यात झोपेचा हिशेब लागत नाही. अंधारात, पुरते रिफ्लेक्टर नसलेल्या ट्रॉल्या ओढताना डुलकी लागली, तर ती एकट्या ड्रायव्हरलाच भोवते असं नाही, समोरच्या दुचाकीवाल्यालाही भोवते. शिवाय हंगामाची उचल अंगावर घेतली की पेपरसाठी मध्येच सुटता येत नाही. मुलाच्या आईला वाटणारी काळजी मला पूर्णपणे रास्त वाटते.

शेतातल्या कामाचं वेळापत्रक मात्र त्याच्या सोयीचं आहे. परीक्षा संपल्यापासून मृगापर्यंत नांगरट, मोगडणी, रोटाव्हेटर, पाळी आणि मग पेरणी. पुढे दिवाळीच्या सुमारास सोयाबीनची मळणी आणि रब्बीची तयारी. सुट्टीतले हे आठवडे नीट वापरले तर वर्षाच्या फीचा मोठा भार हलका होईल. पैसे रोजावर, महिन्यावर की एकरावर मिळणार, डिझेल कोणाचं, अवजार मोडलं तर कोण भरणार, हे काम सुरू होण्याआधीच बोलून घ्या, जमलं तर वहीत लिहून घ्या.

आता परवान्याचं. १९८८च्या मोटार वाहन कायद्यानुसार ७,५०० किलोपर्यंतचं रिकामं वजन असलेला ट्रॅक्टर हलक्या वाहनांत मोडतो. शेतकामाच्या ट्रॅक्टरसाठी हलक्या मोटार वाहनाचा परवाना काढायचा. शिकाऊ परवाना मिळाल्यावर ३० दिवसांनी पक्क्या परवान्यासाठी अर्ज करता येतो, म्हणून आत्ताच सुरुवात करा. मालकाकडून ट्रॅक्टरचा विमा चालू असल्याचा कागद बघून घ्या. आणि मुलाला बजावून सांगा, मडगार्डवर किंवा ट्रॉलीत माणसं बसवायची नाहीत. गावात सगळेच बसतात हे मला माहीत आहे, पण ट्रॅक्टरवर आसन असतं ते एकाच माणसाचं, आणि अपघात झाला की विमा कंपनी पहिलं बोट तिथेच ठेवते.

चालवणं आठवड्यात येतं, काम यायला मात्र हंगाम लागतो. ट्रॅक्टरला डाव्या-उजव्या चाकाचे ब्रेक वेगळे असतात, शेतात आखूड वळण घेता यावं म्हणून. डांबरी रस्त्यावर येण्याआधी दोन्ही पॅडल खटक्याने जोडायलाच हवेत. तो खटका विसरला आणि वेगात एकाच पॅडलवर पाय पडला, तर ट्रॅक्टर गर्रकन एका बाजूला ओढला जातो आणि उलटू शकतो. दुसरं, चिखलात रुतल्यावर चाकाला लाकूड बांधून पुढे रेटायची आपल्याकडे सवय आहे. ती जीवघेणी आहे. मागची चाकं अडली की इंजिनाचा जोर ट्रॅक्टरचं तोंड वर उचलतो, आणि क्षणात तो चालवणाऱ्याच्या अंगावर मागे कोसळतो. अशा वेळी अवजार सोडायचं, चाकापुढची माती उकरायची, मागे घेऊन बघायचं, नाहीतर दुसऱ्या ट्रॅक्टरने ओढून काढायचं. रोटाव्हेटर किंवा मळणी यंत्र चालू असताना पीटीओच्या, म्हणजे इंजिनाची ताकद अवजाराला देणाऱ्या मागच्या फिरत्या दांड्याच्या, शाफ्टजवळ जायचं नाही. शाफ्ट मिनिटाला ५४० फेरे फिरतो, उपरण्याचं टोक सापडलं तर माणसाला सुटायला वेळ मिळत नाही. खाली उतरायचं तर पीटीओ बंद, इंजिन बंद आणि अवजार जमिनीवर टेकवलेलं.

हे सगळं आधी बाजूला उभं राहून अनुभवी ऑपरेटरचं काम बघून आणि मग त्याच्या नजरेखाली चालवून शिकायचं. जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात यंत्रांचं प्रशिक्षण कधी आहे, याची चौकशी करून ठेवा. यात खरंच गोडी वाटली, तर पदवीनंतर आयटीआयचा 'मेकॅनिक ट्रॅक्टर' हा एक वर्षाचा ट्रेड आहे. मध्य प्रदेशातल्या बुधनीला केंद्र सरकारची शेती यंत्रांच्या प्रशिक्षणाची संस्थाही आहे. हायड्रोलिक आणि गिअरबॉक्स कळणारा माणूस शोरूमच्या वर्कशॉपला हवा असतो, हार्वेस्टरवाल्यांनाही हवा असतो. नुसत्या स्टिअरिंगवर बसणाऱ्यापेक्षा त्याला बारा महिने काम असतं.

कर्जाच्या ट्रॅक्टरला मात्र मी आज स्पष्ट नाही म्हणेन. घरची तीन एकर कोरडवाहू जमीन ट्रॅक्टरला वर्षातून जेमतेम काही दिवस पुरेल. बाकी हप्ता भाड्याच्या कामातूनच फेडायचा, आणि गावात आधीच उभे असलेले ट्रॅक्टर त्याच कामासाठी धावत असतात. पाऊस लांबला की भाडं थांबतं, हप्ता थांबत नाही. मुलाने दोन वर्षं दुसऱ्याच्या ट्रॅक्टरवर काढावीत आणि रोज लिहून ठेवावं : तास किती भरले, डिझेल किती गेलं, पैसे कधी हातात आले, किती उधारीत अडकले. ती वही घेऊन तुम्ही दोघं बसा, मग ट्रॅक्टर घ्यायचा की नाही ते ठरवा.

मालकाला ऊस हंगामासाठी नाही म्हणताना उन्हाळ्याच्या नांगरटीबद्दल त्याच वेळी विचारा. अशी बोलणी शिमग्याच्या आत झालेली बरी, कारण नांगरट सुरू झाली की चांगल्या ऑपरेटरच्या हाताखालची जागा रिकामी राहत नाही.