खासदारांचा भत्ता, खर्च की अपहार?

एका वाचकाने विचारलं आहे: ब्रिटनमध्ये २००९ साली खासदारांच्या खर्चावरून जे वादळ उठलं, त्याबद्दल मराठीत लिहिताना ‘खर्च घोटाळा’ म्हणावं, ‘भत्ता घोटाळा’ म्हणावं की सरळ ‘अपहार’? आणि ‘तुम्हाला आमचं जगणं कळेनासं झालंय’ असं तिथले लोक खासदारांना ऐकवत होते, त्यासाठी ‘मतदारांच्या संपर्काबाहेर गेलेले’ हा प्रयोग चालेल का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर लहान आहे, ते शेवटी देतो. पहिल्यात खरा गुंता आहे.

भत्ता म्हणजे ठरलेली रक्कम. खर्च झाला की नाही, हे कोणी विचारत नाही. कर्मचारी स्वतःच्या घरात राहत असला तरी घरभाडे भत्ता त्याच्या पगारात येतो आणि त्यात कोणाला गैर वाटत नाही. प्रतिपूर्ती वेगळी. आधी पदरचे पैसे घालायचे, बिलं जोडायची, आणि मंजूर होईल तेवढंच परत मिळणार. वैद्यकीय बिलांच्या फायलीमागे ज्यांनी कचेरीचे उंबरठे झिजवलेत, त्यांना हा फरक समजावून सांगायला नको.

ब्रिटिश खासदारांना लंडन आणि मतदारसंघ अशा दोन ठिकाणी राहावं लागतं, म्हणून दुसऱ्या घराच्या खर्चासाठी वर्षाला सुमारे २४,००० पौंडांपर्यंतची सोय होती. तिचं नाव होतं ‘अतिरिक्त खर्च भत्ता’. म्हणजे नाव भत्त्याचं आणि नियम प्रतिपूर्तीचा. संसदेच्या कामासाठी पूर्णपणे, केवळ त्याचसाठी आणि आवश्यक म्हणून झालेला खर्चच मागता येईल, असं नियमात लिहिलेलं होतं. प्रत्यक्षात २५० पौंडांखालच्या मागणीला पावतीच लागत नसे. ही मर्यादा २५ पौंडांवर आली ती २००८ मध्ये. खाण्यापिण्याचे महिन्याला ४०० पौंड तर पावतीशिवाय मिळत. त्याआधीची कित्येक वर्षं खासदारांची पगारवाढ लोक नाराज होतील म्हणून रोखली जायची आणि भत्ते मात्र वाढवले जायचे. त्यामुळे ही रक्कम आपल्या पगाराचाच भाग आहे, ती पुरती उचलायची असते, असा समज तिथे मुरला. माझ्या मते सगळ्या प्रकरणाचं मूळ इथे आहे, आणि म्हणून मी ‘भत्ता घोटाळा’ हा शब्द पसंत करतो. ‘खर्च घोटाळा’ म्हटलं की धरणाच्या किंवा रस्त्याच्या कामातला वाढीव खर्च डोळ्यांपुढे येतो.

भत्त्याचा हा स्वभाव जुना आहे, आणि इंग्रजांना तो आपल्याकडेच भेटलेला आहे. भत्ता हा शब्द सहसा ‘भक्त’ म्हणजे शिजवलेलं अन्न, भात, याच्याशी जोडतात. मुळात तो शिध्याचा पैसा. कंपनी सरकारच्या फौजेत तो ‘बट्टा’ असा उच्चारला जाई. प्लासीनंतर मीर जाफरने बंगालमधल्या गोऱ्या अधिकाऱ्यांना दुप्पट भत्ता चालू केला. १७६६ च्या जानेवारीपासून क्लाइव्हने तो बंद केला, तेव्हा मुंगेर आणि इतर छावण्यांतल्या अधिकाऱ्यांनी एकजुटीने राजीनामे द्यायचं ठरवलं. क्लाइव्हने ते बंड मोडून काढलं. सवलत म्हणून मिळालेली रक्कम नऊ वर्षांत हक्क झाली होती. आपल्या बोलण्यात बट्टा हा वेगळा शब्द आहे, नाणं मोडताना कापली जाणारी रक्कम. ‘नावाला बट्टा लागला’ म्हणतो तो हाच. इंग्रजांच्या कानाने मात्र दोन्ही शब्द एकाच स्पेलिंगात कोंबले.

आता ‘अपहार’. हा कायद्याचा शब्द आहे. विश्वासाने हाती सोपवलेली रक्कम स्वतःकडे वळवली की अपहार. हिशेबच खोटे लिहिले की अफरातफर. या प्रकरणात अफरातफर झालीच. डेव्हिड चेटर यांनी स्वतःच्याच फ्लॅटचं भाडं मागितलं, आईच्या मालकीच्या घराचंही मागितलं, आणि त्यासाठी खोटी कागदपत्रं जोडली. इलियट मॉर्ली फिटलेल्या गृहकर्जापोटी पैसे घेत राहिले. २०११ साली चार माजी खासदार आणि उमराव सभागृहाचे दोन सदस्य तुरुंगात गेले. त्यांच्याबद्दल लिहिताना ‘अफरातफर’ हाच शब्द हवा, तिथे मवाळ शब्द वापरू नये.

पण लोक सर्वांत जास्त चिडले ते या सहा जणांवर नव्हे. पीटर व्हिगर्स या खासदारांनी घराच्या तळ्यातल्या बदकांसाठी १,६४५ पौंडांचं तरंगतं घरकुल घेतलं आणि ते खर्चाच्या यादीत टाकलं. खासदारांचे खर्च मंजूर करणाऱ्या संसदेच्या कचेरीने ते नामंजूर केलं, एक पेनीही दिली नाही. तरी त्यांना पुढची निवडणूक न लढवण्याचं जाहीर करावं लागलं. डग्लस हॉग यांच्या यादीत वाड्याभोवतीच्या खंदकाचा गाळ काढण्याचे २,११५ पौंड होते. आपण त्याचे पैसे मागितलेच नव्हते, असं त्यांचं म्हणणं होतं. गृहमंत्री जॅकी स्मिथ यांच्या मागणीत ८८ पेन्सचं न्हाणीघरातलं बूच होतं. बदकांचं घरकुल, खंदक, बूच. यांतल्या कशालाच अपहार म्हणता येत नाही, आणि लोकांच्या तोंडी मात्र हेच तीन शब्द राहिले.

वर्ष मंदीचं होतं. नोकऱ्या जात होत्या, बुडत्या बँकांना सरकारी तिजोरीतून सावरलं जात होतं. साध्या नोकरदाराला कामाचा खर्च करातून वजा करून घ्यायचा तर तोच ‘पूर्णपणे, केवळ, आवश्यक’ असा कडक नियम लागू होता, आणि त्याला पावती चुकवून चालत नव्हतं. खासदाराचा पगार तेव्हा ६४,७६६ पौंड होता. अशा माणसाने बुचाचे पैसेही लोकांकडून घ्यावेत, यातून जे उसळलं त्याला मी ‘राग’ म्हणणार नाही. राग येतो आणि जातो. इथे शब्द हवा ‘चीड’, कारण चीड अन्यायाची येते आणि ती टिकते.

मग क्रियापद कोणतं? खासदारांनी पैसे ‘घेतले’ हे मिळमिळीत. ‘उकळले’ म्हणायला समोरच्यावर दाब टाकावा लागतो. ‘हडपले’ यात बळजबरी आहे. नेमका शब्द ‘लाटले’. जे आपल्या वाट्याचं नाही ते, बहुतेक वेळा कागद नीट करून, आपल्याकडे ओढणं म्हणजे लाटणं. जमीन लाटतात, अनुदान लाटतात. गुन्हा शाबीत होण्याची अट या क्रियापदाला नाही, म्हणून तुरुंगात गेलेल्यांना आणि न गेलेल्यांनाही ते लागू पडतं.

बहुतेकांचा बचाव एकच होता: सगळं नियमांत बसतं. इथे मराठीचं प्रयोजक रूप फार उपयोगी पडतं. नियमात ‘बसणं’ वेगळं आणि नियमात ‘बसवणं’ वेगळं. आपलं दुसरं घर कोणतं, हे खासदार कागदावर बदलत राहत. आज या घराची डागडुजी सरकारी पैशाने, उद्या त्या घराची. विकताना तेच घर करखात्याला मुख्य घर म्हणून दाखवलं की नफ्यावरचा करही वाचे. मंत्री हेझल ब्लिअर्स यांनी नियम मोडला नसल्याचं सांगत टीव्हीच्या कॅमेऱ्यासमोर १३,३३२ पौंडांचा चेक धरला. न भरलेल्या कराएवढी ती रक्कम होती. कागदावर घर बदलत राहण्याच्या या युक्तीला इंग्रजीत ‘फ्लिपिंग’ असा कोलांटीसारखा शब्द रूढ झाला. मराठीत खांदेपालटाच्या धर्तीवर ‘घरपालट’ म्हणता येईल, ऐकताक्षणी अर्थ कळतो.

घरपालट उघडकीला येऊच नये, अशी व्यवस्थाही होत होती. हेदर ब्रुक या पत्रकाराने माहितीच्या अधिकारात हे हिशेब मागितले. संसद त्याविरुद्ध उच्च न्यायालयात गेली आणि २००८ च्या मे महिन्यात हरली. तरीही प्रसिद्ध करायच्या कागदांवर पत्ते काळ्या शाईने झाकायचं ठरलं, आणि पत्ते झाकले की कोण घर पालटतंय हे दिसणारच नव्हतं. ८ मे २००९ पासून डेली टेलिग्राफने न झाकलेले तपशील रोज छापायला सुरुवात केली, आणि दोन आठवड्यांच्या आत सभागृहाचे अध्यक्ष मायकल मार्टिन यांना राजीनामा जाहीर करावा लागला. अध्यक्षाला असं जावं लागण्याची १६९५ नंतरची ही पहिलीच वेळ. पुढे खासदारांच्या हिशेबासाठी संसदेबाहेरची स्वतंत्र संस्था नेमली गेली. तिच्या योजनेचं नाव खर्चाचं आहे, भत्त्याचं नाही. नाव बदलायला हवं हे तिथल्या लोकांनाही पटलेलं दिसतं.

मराठी वाचकाला हे परकं वाटण्याचं एक कारण आहे. आपल्या राज्यघटनेत खासदार-आमदारांसाठी शब्दच ‘वेतन व भत्ते’ असे आहेत. मतदारसंघ भत्ता ठरीव असतो. दैनिक भत्त्यासाठी खासदाराला हजेरी नोंदवावी लागते. म्हणून बातमी लिहिताना ‘भत्ता घोटाळा’ एवढ्यावर थांबू नये. तिथला भत्ता बिलावर मिळायचा, हे पहिल्या परिच्छेदातच सांगावं.

आता दुसरा प्रश्न. ‘संपर्काबाहेर’ नको. फोन लागत नाही तेव्हा ऐकू येणारा तो शब्द आहे, आणि खासदाराचा फोन लागत असला तरी त्याला लोकांचं जगणं माहीत असेलच असं नाही. ‘नाळ तुटणे’ रूढ आहे आणि चांगलं आहे, पण त्यात आधी नाळ होती हे गृहीत असतं. ब्रिटनमध्ये बाहेरगावच्या माणसालाही एखाद्या मतदारसंघात उमेदवारी मिळते. तो तिथला कधी नव्हताच. मार्गारेट मोरन लुटनच्या खासदार, आणि त्यांनी २२,५०० पौंड मागितले ते शंभरेक मैलांवरच्या साउथहॅम्प्टनमधल्या घराचं कुजकं लाकूड दुरुस्त करायला. अशा ठिकाणी ‘लोकांत ऊठबस राहिली नाही’ हे मला जास्त अचूक वाटतं. चावडीवर बसणं, कोणाच्या दारात चहाला थांबणं, रांगेत उभं राहणं, हे सगळं ऊठबशीत येतं.

जाता जाता एक दुरुस्ती. चौकशीनंतर शेकडो आजी-माजी खासदारांना मिळून दहा लाख पौंडांहून अधिक रक्कम परत द्यायला सांगण्यात आलं. त्याला ‘परतफेड’ लिहू नये. परतफेड कर्जाची होते. इथे झाली ती वसुली.