पक्षात राहिलेला माणूस हायकोर्टाचा न्यायाधीश झाला तर निःपक्ष राहू शकतो का?

राहू शकतो. व्ही. आर. कृष्ण अय्यर १९५७ साली केरळच्या कम्युनिस्ट सरकारात मंत्री होते, १९६८ मध्ये तिथल्याच हायकोर्टात न्यायाधीश झाले. पुढे सुप्रीम कोर्टातही गेले, आणि आज त्यांचं नाव निघतं ते कैद्यांच्या हक्कांवरच्या निकालांसाठी. पक्ष कोणाला आठवतो?

त्यामुळे आरती साठे भाजपच्या प्रवक्त्या होत्या म्हणून २०२५ मध्ये मुंबई हायकोर्टातल्या त्यांच्या नेमणुकीवर गदारोळ झाला, तेव्हा मला वाटलं, निकाल तर येऊ द्या.

माझी खरी तक्रार उलट्या प्रवासाबद्दल आहे. कलकत्ता हायकोर्टाचे अभिजित गंगोपाध्याय यांनी शिक्षक भरती घोटाळ्यात तृणमूल सरकारविरुद्ध सीबीआय चौकशीचे आदेश दिले. मार्च २०२४ मध्ये राजीनामा दिला, दोनच दिवसांत भाजपमध्ये गेले आणि तमलूकमधून खासदार झाले. आदेश कायद्याला धरून असतीलही; पण ज्याच्या विरुद्ध गेले, त्याला हे कसं पटवणार? काँग्रेसनेही १९८३ मध्ये बहरुल इस्लाम यांना सुप्रीम कोर्टातून राजीनाम्यानंतर काही महिन्यांतच राज्यसभेत नेलं होतंच.

राज्यघटनेत याला बंदी नाही. न्यायाधीशपद सोडल्यावर राजकारणात जाण्याआधी निदान दोन वर्षांची सक्तीची विश्रांती हवी, असं माझं मत.