सांगायचं तू, ठरवायचं दुसऱ्याने

बाळा,

तुझा रात्रीचा मेसेज सकाळी बघितला. एवढा लांब मेसेज आणि खरा प्रश्न अगदी शेवटच्या ओळीत, "मॅडम, मी नाटक करतेय का?" डोक्याला लागलं म्हणून काढलेला सीटी स्कॅन नॉर्मल आला, डॉक्टरांनी घरी सोडलं, बाबा म्हणतात रिपोर्टमध्ये काही नाही तर डोकं दुखतं कसं, आणि आता तुलाही तसंच वाटायला लागलंय. वर रविवारी जिल्ह्याची कबड्डीची ट्रायल. तू चांगली खेळतेस, मेहनती आहेस वगैरे लिहीत बसत नाही, ते तुला माहितीये आणि त्याचा इथे काही संबंधही नाही.

नाटक नाहीये. पण रविवारी तू खेळणारही नाहीयेस.

तुला आवडणार नाही, तरी ऐक. डोक्याला लागलेल्या माणसाने काय होतंय ते सांगायचं, बरं आहे की नाही ते त्याने ठरवायचं नाही. बाकीच्या शरीराचं तसं नसतं. घोटा मुरगळला तर डोकं तुला सांगतं की घोटा मुरगळलाय. इथे ज्याने सांगायचं त्यालाच लागलंय, मग त्याच्या निकालावर विश्वास कसा ठेवायचा? तू अँकल होल्डला, म्हणजे रेडरचा घोटा धरायला वाकलीस, तिचा गुडघा तुझ्या कानशिलावर बसला, तू उठलीस, हात झटकलेस, "ओके आहे" म्हणालीस आणि पुढच्या दोन रेड खेळलीस. आणि मग बाजूच्या मुलीला स्कोर विचारलास, तिने सांगितला, आणि लगेच परत विचारलास. हे मला त्या मुलीने सांगितलं, तुझ्या मेसेजमध्ये नाहीये, कारण तुला ते आठवतच नाहीये. आता तूच सांग, तुझ्या त्या "ओके"ला किती किंमत द्यायची?

आता तो स्कॅन. सीटीमध्ये काय दिसतं, तर हाड मोडलंय का, कुठे रक्त साकळलंय का, मेंदूला मोठी सूज आहे का. तुझ्यात ते नाही ही चांगलीच बातमी आहे, डॉक्टरांनी तेवढंच बघायला तो काढला होता. पण कन्कशन, म्हणजे डोक्याला मार बसून मेंदूचं काम काही काळ बिघडणं, सीटीत दिसत नाही. घराचा बाहेरून फोटो काढला तर आत लाईट गेलीये हे त्यात दिसतं का? डोकं जोरात हलतं तेव्हा आतल्या पेशी ताणल्या जातात, पोटॅशियम बाहेर, कॅल्शियम आत असा सगळा गोंधळ होतो, तो आवरायला मेंदूला जास्त ऊर्जा लागते आणि नेमका तेव्हाच रक्तपुरवठा थोडा कमी पडतो. म्हणून डोकं जड, ट्यूबलाईट सहन होत नाही, पुस्तकातली ओळ परत परत वाचावी लागते, उगाच रडू येतं. बाबांना हे वाचून दाखव. नॉर्मल रिपोर्टचा अर्थ ऑपरेशन लागणार नाही एवढाच, मॅटवर उतरायला परवानगी आहे असा नाही.

आणि बेशुद्ध पडले नव्हते ना, असं म्हणू नकोस, प्लीज. हे ऐकून ऐकून कान किटलेत माझे. कन्कशन झालेले बहुतेक जण बेशुद्ध पडतच नाहीत.

रमण लांबा हे नाव तुझ्या पिढीने ऐकलं नसेल, बाबांना विचार. भारताकडून टेस्ट आणि वनडे खेळलेला बॅट्समन. फेब्रुवारी १९९८, ढाक्यात क्लबची मॅच, हा शॉर्ट लेगला उभा, ओव्हरचे थोडेच बॉल उरलेत म्हणून हेल्मेट मागवलं नाही. बॅट्समनने मारलेला बॉल डोक्यावर बसून उडाला तो थेट कीपरच्या हातात, कॅच, सगळे नाचले. लांबाला विचारलं तर म्हणाला ठीक आहे, स्वतःच्या पायांनी चालत ड्रेसिंग रूममध्ये गेला. नंतर तब्येत बिघडली, कोमात गेला, आणि तीन दिवसांनी, २३ तारखेला, गेला. ३८ वर्षांचा होता. आता हा काही भित्रा नव्हता की खोटारडा नव्हता, ठीक आहे म्हणाला कारण त्याला खरंच ठीक वाटत असणार! कानशिलापाशी कवटीचं हाड पातळ असतं आणि आतून तिथूनच एक रक्तवाहिनी जाते, ती फाटली की रक्त हळूहळू साठतं, माणूस मधले काही तास अगदी व्यवस्थित बोलतो आणि मग एकदम कोसळतो. डॉक्टर लोकांना हे माहीत असतं म्हणून ते घरी सोडतानाही माणसावर लक्ष ठेवायला सांगतात. आपल्या ग्राउंडवर काय करतात? तोंडावर पाणी मारायचं, स्प्रे मारायचा, कांदा नाहीतर चप्पल हुंगवायची, "हे किती बोटं" विचारायचं आणि पाठीवर थाप मारून आत ढकलायचं.

बरं, तपासणी करूनही लगेच कळेल असं नाही. ऑस्ट्रेलियाचा बॅट्समन स्टीव्ह स्मिथ, लॉर्ड्सची टेस्ट, ऑगस्ट २०१९. ८० वर असताना इंग्लंडच्या आर्चरचा बॉल मानेवर बसला, कोसळला, बाहेर नेलं, टेस्ट घेतल्या, पास झाला, परत आला आणि ९२ वर आउट झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी उठला तर डोकं दुखतंय, गरगरल्यासारखं होतंय. मग उरलेली मॅच लाबुशेन खेळला, कन्कशन सब्स्टिट्यूटचा, म्हणजे डोक्याला लागलेल्याच्या जागी दुसरा खेळवायचा नियम त्याच महिन्यात आला होता, आणि लीड्सची पुढची टेस्टही स्मिथ खेळला नाही. एवढे डॉक्टर, एवढे कॅमेरे असून त्याला दुसऱ्या दिवशी कळलं, आणि आपण मॅटच्या कडेला उभं राहून अर्ध्या मिनिटात निकाल लावतो.

आपल्याकडे तर तसल्या वेगळ्या नियमाचीही गरज नाही गं. सात जणी आत, पाच बेंचवर. ह्या पाच कशाला बसवतो आपण, पाण्याच्या बाटल्या सांभाळायला? तरी लागलेली मुलगीच खेळवतात, कारण ती स्वतःच म्हणते मी खेळते आणि कोच म्हणतात तिचीच इच्छा आहे. तिची इच्छा! तिला कुणी विचारलंच कशाला?

हे मी एवढं ताणून का सांगतेय तर माझी स्वतःची एक मॅच आहे. मातीवरचा जमाना, गावोगावच्या स्पर्धा. आमच्या वेळचे लोक भेटले की अजून त्या मॅचचं कौतुक करतात, तू डोक्याला लागल्यावर परत आलीस आणि शेवटची पकड तूच केलीस म्हणतात. असेल. मला ती मॅच आठवत नाही. मला आठवतं ते एकदम परतीच्या एसटीतलं, हातात शेंगदाण्यांची पुडी होती आणि ती कुणी दिली ते मला कळत नव्हतं. मला म्हणे कोचने विचारलं होतं आणि मीच सांगितलं होतं की बरं आहे, ठामपणे सांगितलं होतं. पुढे कित्येक दिवस जरा आवाज झाला की मी खेकसायचे, घरचे म्हणायचे ट्रॉफीची हवा गेलीये डोक्यात. चिडायचेही मी त्यांच्यावर, पण माझ्याकडे तरी दुसरं काय कारण होतं सांगायला?

म्हणून माझा नियम झाला. डोक्याला लागलं, जराशी गोंधळली, की त्या दिवसाचा खेळ संपला, चर्चा नाही. एका फायनलला आमच्या सगळ्यात भारी रेडरला मी पहिल्या हाफमध्येच बसवलं. ती रडली, भांडली, मंडळाचे लोक कडेने ओरडत होते, आणि आम्ही हरलो. आजही काही लोक म्हणतात मॅडममुळे कप गेला. गेला तर गेला. काही जण असंही म्हणाले की तिला काही झालंच नव्हतं, दुसऱ्या दिवशी ठणठणीत होती. अरे मग चांगलंच आहे की! माझं म्हणणं खोटं ठरावं म्हणून तिला काही व्हायला हवं होतं का? ती मुलगी मात्र पुढच्या वर्षी दुसऱ्या क्लबला गेली, आता समोरून आली तरी बोलत नाही, लग्नाचं आमंत्रणही आलं नाही. ते लागतं मनाला, खोटं कशाला बोलू. पण परत तशी वेळ आली तर परत बसवीन, तुलाही.

आता जरा घाबरवणार आहे. कॅनडात ओंटारिओ प्रांतात रोवन स्ट्रिंगर नावाची मुलगी होती, १७ वर्षांची, शाळेच्या रग्बी टीमची कॅप्टन. मे २०१३ मध्ये थोड्याच दिवसांत तिला एकामागून एक मॅचमध्ये डोक्याला मार लागला. डोकं दुखत होतं, तिने फोनवर कन्कशन सर्च केलं, मैत्रिणींना मेसेज केले, घरी सांगितलं नाही आणि पुढची मॅच खेळली. त्यात परत डोक्यावर पडली आणि गेली. पहिल्या मारातून मेंदू सावरलेला नसताना दुसरा मार बसला तर क्वचित मेंदूला इतकी सूज येते की हातात काही राहत नाही, आणि हे जास्त करून तुमच्याच वयाच्या मुलांत होतं. २०१८ मध्ये तिथे तिच्या नावाने कायदा झाला. क्वचित होतं, खरंय. पण तुझ्या मेसेजमध्ये गूगलवर बघितलेल्या चार गोष्टी होत्या आणि "बाबांना सांगू नका" असंही होतं, म्हणून मला ही मुलगी आठवली. तू मला सांगितलंस हे फार बरं केलंस. सांगायचं काम तुझंच आहे, आणि ते तू केलंस.

तर आता काय. पहिले एक-दोन दिवस आराम, म्हणजे अंधाऱ्या खोलीत पडून राहणं नव्हे, ते जुनं झालं, घरात हिंड, थोडं चाल, पण मोबाईल कमी कर (हा मेसेज रात्री दीड वाजता टाइप केलायस, तो विषय आपण वेगळा घेऊ). मग थोडा अभ्यास, मग कॉलेज, ते जमलं की हलकं जॉगिंग, मग एकटीने फुटवर्क, कुणाचा धक्का न लागता, आणि डॉक्टर हो म्हणाले की मगच पकड आणि डॅश, म्हणजे रेडरला धक्का देऊन बाहेर काढणं. प्रत्येक पायरीला कमीत कमी एक दिवस, डोकं परत जास्त दुखलं तर एक पायरी मागे. साधारण दोन आठवडे धर, तुमच्या वयात महिनाही लागतो. रविवार यात कुठेच बसत नाही, मोजून बघ. आणि मनाने ब्रुफेन, अॅस्पिरिन घेऊ नकोस, डॉक्टरांनी लिहून दिलं असेल तेवढंच.

आणि यातलं काही झालं तर माझ्या फोनची वाट न बघता सरळ कॅज्युअल्टीत: डोकेदुखी वाढतच चाललीये, परत परत उलट्या, फिट, बोलताना जीभ अडखळतेय, एका बाजूचा हात-पाय ढिला, डोळ्याची एक बाहुली मोठी, नाकाकानातून पाणी किंवा रक्त, किंवा झोपलीस आणि उठवलं तरी नीट जागी होत नाहीस. हे शेवटचं तुला कळणार नाही, म्हणून आईला आजच सांगून ठेव आणि रात्री तिच्या खोलीत झोप. लाजू नकोस.

तू म्हणशील हेल्मेट घालून खेळते. हेल्मेट कवटी वाचवतं, आत मेंदू हलायचा तो हलतोच. बाईकवर मात्र घाल, मागे बसतेस तेव्हाही, आणि हे मी भावालाही ऐकवणार आहे.

ट्रायल गेली की वर्ष वाया जातं, हे मला कळत नाही असं समजू नकोस. निवड समितीतल्या दोघांना मी ओळखते, डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन जाऊन बोलते, नंतर बघतात का विचारते, हो म्हणतील याची खात्री देत नाही. नाही म्हणाले तर मला शिव्या दे, चालेल. पण "मॅडम, आता खरंच बरं वाटतंय, फक्त पाच मिनिटं" असा शनिवारी रात्री मेसेज करू नकोस, मी तो वाचणार नाही.

संध्याकाळी मी बाबांना फोन करतेय. तुझ्याकडून आधी कळलेलं बरं, तेव्हा जेवायच्या आत सगळं सांगून टाक, स्कोर दोनदा विचारलास तेही.

तुझ्या मॅडम