इलेक्ट्रोफोरेसिस म्हणजे काय? विज्ञानात त्याचा उपयोग कशासाठी होतो?

विद्युतभार असलेले रेणू जेलसारख्या माध्यमात ठेवून वीजप्रवाह सोडला की ते विरुद्ध भाराच्या टोकाकडे सरकू लागतात. वेग ठरतो भार, आकार आणि घडणीवर, त्यामुळे मिश्रणातले घटक वेगळे होतात. डीएनए ऋणभारित असतो, म्हणून तो नेहमी धन टोकाकडे पळतो. गर्दीतून लहान पोर पुढे सटकावं तसे त्याचे छोटे तुकडे पुढे जातात, मोठे मागे रेंगाळतात. पीसीआरची (डीएनएच्या प्रती वाढवण्याच्या तंत्राची) तपासणी, न्यायवैद्यक डीएनए चाचणी, प्रथिनांचा अभ्यास अशा कामांत हे तंत्र रोजचंच.

पण मला सगळ्यात भारी वाटतो तो सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या निदानातला उपयोग. या आजारात हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत ग्लुटामिक आम्ल या अमिनो आम्लाच्या जागी व्हॅलिन हे दुसरं अमिनो आम्ल येतं. बदल एवढासाच, पण ऋणभार घटतो आणि अल्कधर्मी माध्यमात हे बदललेलं हिमोग्लोबिन एस धन टोकाकडे जाताना नेहमीच्या हिमोग्लोबिन ए च्या मागे पडतं. वाहकाच्या (ज्याला आई-वडिलांपैकी एकाकडूनच हा दोष मिळालाय अशा माणसाच्या) नमुन्यात दोन्ही पट्टे दिसतात. अमेरिकी रसायनशास्त्रज्ञ लायनस पॉलिंग आणि सहकाऱ्यांनी 1949 मध्ये हा फरक इलेक्ट्रोफोरेसिसनेच पकडला. विदर्भातल्या आणि नंदुरबारच्या आदिवासी भागांत सिकलसेल बराच आढळतो, तिथे निदानासाठी ही चाचणी वापरतात. मात्र हिमोग्लोबिन डी या आणखी एका बदललेल्या प्रकाराचा पट्टाही एस च्याच जागी येतो, म्हणून खात्रीसाठी दुसरी चाचणी लागते.